ओढ्याकाठचं जातं

ॲरिझोनात राहणाऱ्या माझ्या एका मित्राला भटकायची भारी हौस. दर सोमवारी सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत त्याचे रविवारचे फोटो येऊन पडलेले असतात. मागच्या हिवाळ्यात त्याने एका 'वॉश'चे फोटो पाठवले. वॉश म्हणजे वाळवंटातला कोरडा ओढा. वर्षातले अकरा महिने नुसती वाळू आणि गोटे, आणि एखाद्या दिवशी डोंगरात पाऊस झाला की तासाभरात दुथडी भरून वाहणारा. त्या वॉशच्या काठावर एका जुन्या रँचचे अवशेष होते: दगडी चुलाणं, अर्धी पडलेली भिंत, गुरांच्या कोंडवाड्याचे वाकलेले खांब. मागे तांबडे, वाऱ्या-पाण्याने कोरलेले खडक. फोटोखाली एकच ओळ होती, "तुमच्या मॉरिसव्हिलमध्ये काय आहे रे बघण्यासारखं?"

प्रश्न तसा खोचकच होता, पण त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या या गावात २००० च्या जनगणनेत ५,२०८ माणसं होती. २०२० मध्ये २९,६३० झाली, आणि त्यातली जवळपास निम्मी आशियाई वंशाची. त्यात आपली तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी मंडळी भरपूर. गावात क्रिकेटचं मैदान आहे (२०२३ साली तिथे मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले), हिंदू भवन आहे, इडलीपासून पावभाजीपर्यंत सगळं मिळतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना देवळात नेतो, मग दुकानात नेतो, आणि तिसऱ्या दिवशी पाच तास गाडी हाकत वॉशिंग्टनला घेऊन जातो. "इथे काही इतिहास नाही हो, सगळं कालपरवा झालेलं," हे वाक्य मी स्वतः निदान वीस वेळा तरी म्हटलं असेल.

मित्राला उत्तर द्यायचं म्हणून मी आमच्या ओढ्याच्या काठाने चालायला सुरुवात केली. आमचा ओढा म्हणजे क्रॅबट्री क्रीक. हा लेख त्या चालण्याचा आणि त्यानंतर केलेल्या वाचनाचा.

क्रॅबट्री क्रीक मॉरिसव्हिल-कॅरीच्या भागात उगम पावतो, पूर्वेकडे वाहत लेक क्रॅबट्री या तळ्यात येतो, तिथून बाहेर पडून हायवे ४० ओलांडतो आणि विल्यम बी. उमस्टेड स्टेट पार्कच्या जंगलात शिरतो. पुढे रालीमधून वाहत तो न्यूस नदीला मिळतो. लेक क्रॅबट्री नैसर्गिक तळं नाही. रालीत येणारे पूर अडवण्यासाठी १९८० च्या दशकात बंधारा घालून ते केलं, सुमारे ५२० एकरांचं. मी अनेक वर्षं त्याच्या काठाने जॉगिंग करत होतो, पण हा बंधारा नेमका इथेच का घातला असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इंजिनिअर माणसाला शोभणारी ही गोष्ट नव्हे.

त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. मॉरिसव्हिल, विमानतळ, रिसर्च ट्रँगल पार्कचा मोठा भाग, हे सगळं भूशास्त्रज्ञ ज्याला ट्रायासिक खोरं म्हणतात त्यात वसलेलं आहे. साधारण २२-२३ कोटी वर्षांपूर्वी सगळे खंड एकत्र जोडलेले होते. तो महाखंड फाटायला लागला तेव्हा जमिनीला ठिकठिकाणी लांबच लांब भेगा पडल्या आणि भेगांच्या एका बाजूची जमीन खचली. त्यातली एक भेग म्हणजे जोन्सबरो फॉल्ट. ही मॉरिसव्हिल आणि उमस्टेड पार्क यांच्या दरम्यानून जाते. भेगेच्या पश्चिमेची, म्हणजे आमच्या बाजूची, जमीन खाली गेली आणि पूर्वेची उंच राहिली. उंच बाजूवरून पावसाळ्यात लोंढे खाली येत, आणि त्यांच्यासोबत दगडगोटे, वाळू, चिखल. भेगेच्या पायथ्याशी मोठे धोंडे पडत, थोडं पुढे वाळू, आणि त्याहून पुढे बारीक तांबडा गाळ. त्या काळी हा प्रदेश विषुववृत्ताच्या बराच जवळ होता. हवा उष्ण, मोसमी पाऊस, आणि मधले महिने कडक कोरडे. म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी कोरडे ओढे, आणि पावसात त्यांतून येणारे लोंढे. ॲरिझोनातल्या मित्राचा वॉश आणखी निराळा काय असतो? फरक एवढाच की आमचे वॉश आता दगड झाले आहेत. जोन्सबरो भेगेच्या कडेकडेने मातीत रुतलेल्या गोलसर धोंड्यांचा खडक सापडतो, तो त्या लोंढ्यांनी आणून टाकलेला माल आहे.

बारीक गाळाचं काय झालं? ती आमची तांबडी चिकणमाती. घरामागे खड्डा खणायला घेतला की जी फावड्याला चिकटून बसते आणि पाऊस पडला की पाणी मुरू देत नाही, ती. विटा मात्र तिच्या उत्तम होतात. डरहम काउंटीतल्या विटांच्या मातीच्या एका खाणीत १९९० च्या दशकात मगरीच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एका मोठ्या शिकारी प्राण्याचा सांगाडा सापडला. २००८ साली त्याचं 'पोस्टोसुकस ॲलिसोनी' असं नामकरण झालं. त्याच्या पोटाच्या जागी त्याने खाल्लेल्या प्राण्यांची हाडंही मिळाली.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला ओळखीची वाटेल अशी. या तांबड्या खडकांना छेदून मधूनच काळ्या दगडाच्या भिंती वर आलेल्या आहेत. हा डायाबेस, म्हणजे आपल्या बेसॉल्टचाच सख्खा भाऊ. लाव्हा बाहेर न पडता जमिनीखालीच थंड झाला इतकंच. महाखंड फाटताना, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, तो वर चढला. आपला सह्याद्रीचा दगड त्यापुढे अगदी पोरगा, साडेसहा कोटी वर्षांचा. पण झिजायची तऱ्हा तीच. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं निघत निघत आत गोल गाभा उरतो. पुण्याजवळच्या टेकड्यांवर लहानपणी असले गोल दगड आम्ही लाथाडत फिरायचो. इथल्या एका घराच्या पायाच्या खणकामात तसाच गोल काळा दगड बाहेर टाकलेला पाहून मी गाडी थांबवली होती.

आता बंधाऱ्याकडे येऊ. भेगेच्या पश्चिमेला खडक मऊ, त्यामुळे क्रॅबट्री क्रीक सपाट, रुंद दलदलीतून रेंगाळत येतो. भेग ओलांडली की पूर्वेला कठीण खडक लागतात: नाइस, शिस्ट, क्वार्टझाइट, ट्रायासिक गाळापेक्षा कितीतरी जुने. तिथे ओढ्याला रुंद व्हायला जागा नाही. खोरं अरुंद होतं, काठ चढे होतात, पाणी खडकांवरून खळाळायला लागतं. वर रुंद खोलगट जागा आणि लगेच पुढे अरुंद तोंड, बंधारा घालणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणार नाही. १९८० च्या दशकातल्या इंजिनिअरांना हे नकाशांवरून कळलं. पण त्यांच्याआधी पावणेदोनशे वर्षं ते एका शेतकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळलं होतं.

तळ्यापासून ओल्ड रीडी क्रीक रोडने हायवेवरचा पूल ओलांडला की उमस्टेड पार्कात शिरता येतं. गाडीने गेलात तर हॅरिसन ॲव्हेन्यूच्या टोकाला फाटक आहे. तिथून 'कंपनी मिल ट्रेल' नावाची पायवाट उतरत जाते. साधारण मैलभरात ओढ्यावरचा पादचारी पूल येतो. पुलापलीकडे काठाने थोडं चाललं की दोन्ही काठांवर दगडी बांधकामाचे अवशेष दिसतात, आणि वाटेच्या कडेला गोल, जाड, मधोमध भोक असलेला एक दगड. तो जात्याचा दगड आहे हे मला पाटी वाचण्याआधीच कळलं. आकाराने आपल्या घरच्या जात्याच्या कित्येक पट, पण ओळख पटायला काहीच वेळ लागला नाही.

१८१० च्या सुमारास अँडरसन पेज नावाच्या माणसाने इथे बंधारा घालून पाणचक्की उभी केली. तीच कंपनी मिल. याच अँडरसनचा मुलगा ॲलिसन फ्रान्सिस पेज, ज्याने शेजारचं कॅरी गाव वसवलं. आणि नातू वॉल्टर हाइन्स पेज, जो पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१३ ते १९१८) इंग्लंडमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. आजा ओढ्यावर मका दळायचा आणि नातू लंडनच्या दरबारात. अमेरिकेत तीन पिढ्यांत काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणून हे छान आहे. पण त्यात एक गोष्ट सांगायची राहते. १८६० साली या वेक काउंटीतली एक तृतीयांशाहून जास्त माणसं गुलाम होती. इथली जंगलं कोणी तोडली, शेतं कोणी नांगरली, पिकं कोणी काढली, हा प्रश्न आला की ती माणसं हिशेबात धरावीच लागतात, त्यांची नावं दगडावर कोरलेली नसली तरी.

पाणचक्कीचं तंत्र साधं. बंधाऱ्याने पाणी अडवून वर उचलायचं, पाटाने चक्कीपर्यंत आणायचं आणि मोठ्या चाकावर सोडायचं. चाकाची फेर दातेरी चाकांनी वाढवून वरच्या तळीला द्यायची. खालची तळी स्थिर. दोन्ही तळ्यांना खाचा मारलेल्या असत, आणि त्या बोथट झाल्या की छिन्नी घेऊन पुन्हा टाकी लावावी लागे. आपल्याकडे "टाकीऽय, टाकी" असं ओरडत बायका दारावर यायच्या, तेच काम. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) अठराव्या शतकातली पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दळणाचा मोबदला पैशांत नसे, आणलेल्या धान्यातलाच एक हिस्सा चक्कीवाला काढून घेई. आणि दळण होईपर्यंत थांबावं लागे, त्यामुळे चक्की हेच गावाचं गप्पांचं ठिकाण. त्या काळात बातम्या इथे दळल्या जात.

असे बंधारे एकटेदुकटे नव्हते. १८४० च्या जनगणनेत पूर्व अमेरिकेत ६५ हजारांहून अधिक पाणचक्क्यांची नोंद आहे. २००८ साली पेनसिल्व्हेनियातल्या दोन भूशास्त्रज्ञांनी, रॉबर्ट वॉल्टर आणि डॉरोथी मेरिट्स यांनी, दाखवून दिलं की पूर्व अमेरिकेतल्या अनेक ओढ्यांचे उंच, सरळ मातीचे काठ नैसर्गिक नाहीतच. चक्क्यांच्या बंधाऱ्यांमागे साठलेला गाळ, बंधारे फुटल्यावर पाण्याने पुन्हा कापला, आणि तेच काठ आपण निसर्गाची करणी समजत बसलो. हे वाचल्यावर मी परत क्रॅबट्रीवर गेलो. काठाच्या कापात वरपासून खालपर्यंत बारीक मातीचे थर दिसतात. आधीही पाहिले होते, तेव्हा ती नुसती माती होती.

हा गाळ आला कुठून? वरच्या शेतांतून. १७७४ पासून या भागातल्या जमिनी लोकांना लावून दिल्या जाऊ लागल्या. ओक, हिकरी, बीचची जंगलं तोडली गेली. तंबाखू, मका, कापूस. नांगर उताराला धरून, उभाच चालवायचा. जमीन थकली की शेजारचं जंगल तोडायचं. चढउताराची जमीन, वर मोठमोठे पाऊस. शे-दीडशे वर्षांत पीडमाँट नावाच्या या सगळ्या पट्ट्याची वरची माती सरासरी सात इंच वाहून गेली असा भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांचा १९७४ सालचा अंदाज आहे. सात इंच ऐकायला फार वाटत नाही. पण वरची कसदार माती असते तेवढीच. ती गेली की खाली उरते ती तांबडी चिकण, जिच्यात कापूसही धड येत नाही. अमेरिकेत मृद्संधारणाची चळवळ ज्याने उभी केली तो ह्यू बेनेट याच राज्यातला, ॲन्सन काउंटीतला, हा योगायोग नसावा. त्याने लहानपणी डोळ्यांसमोर शेतं वाहून जाताना पाहिली होती.

त्यात कापसाचे भाव. १९१९ साली पौंडाला सुमारे ३५ सेंट मिळत होते. १९३१ मध्ये ६ सेंटच्या आसपास. बोंडअळी आली होतीच. ही गोष्ट विदर्भातल्या माणसाला जास्त समजावून सांगावी लागणार नाही. क्रॅबट्रीच्या काठची कुटुंबं मंदीच्या काळात, धुपलेल्या जमिनीत, कापूस पिकवायचा प्रयत्न करत राहिली, आणि तो पिकला नाही.

१९३४ पासून सरकारने अशा जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. पुढे हे काम रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याकडे आलं. देशभरात अशी ४६ ठिकाणं निवडली गेली. कल्पना अशी की निकामी शेतजमीन घ्यायची, तिथे झाडं वाढू द्यायची, आणि शहरातल्या सामान्य लोकांसाठी सहलीची जागा करायची. इथे सुमारे ५,००० एकर घेतले. सरकारी कागदांत या जमिनीला शब्द होता 'सबमार्जिनल'. म्हणजे कसणाऱ्याला परवडण्याच्या रेषेखालची. शब्द अचूक आहे. मी आयुष्यभर असेच अचूक शब्द वापरत आलो. पण पायवाटेवरून चालताना त्या शब्दाच्या जागी काय होतं ते दिसतं.

फेब्रुवारीअखेर जा, पानं झडलेली असताना. पाइनच्या जंगलात जमीन एका लयीत वरखाली होताना दिसते. ते जुन्या शेतांचे बांध आहेत. कुठे घराच्या पायाचे दगड, कुठे बुजलेली विहीर. आणि मध्येच, आसपास कोणी नसताना, पिवळ्या डॅफोडिल्सची रांग. डॅफोडिल आपोआप रांगेत उगवत नाही. ती कोणीतरी अंगणाच्या कडेने लावली होती. अंगण गेलं, घर गेलं, लावणारी गेली, कंद मात्र दरवर्षी वेळेवर उगवतात. जुन्या घरगुती दफनभूमींच्या आसपास व्हिंका नावाची निळ्या फुलांची वेल पसरलेली असते. आपल्या सदाफुलीची ती चुलत बहीण. जंगलात ती दिसली की जरा थांबून खाली पाहावं; पानांत अर्धे गाडलेले, अक्षरं नसलेले साधे दगड असतात, एक डोक्याकडे, एक पायाकडे.

जमिनीचे पैसे मिळाले ते मालकांना. बटईने कसणाऱ्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या हाती जमिनीची किंमत यायचं कारण नव्हतं.

इथे मला माझ्या आजीची आठवण येते. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, जुन्या पळसदेवच्या बाजूचं. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि ती गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. अशाच एका उन्हाळ्यात मामा आजीला तिथे घेऊन गेला होता. भेगाळलेल्या गाळातून चालत तिने आपल्या घराचं जोतं शोधून काढलं म्हणे, आणि तिथे बसून राहिली. परत आल्यावर तिने देवळाबद्दल फारसं काही सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की जात्याची खालची तळी अजून जागेवर आहे. आम्ही नातवंडं हसलो होतो. एवढं सगळं गाव बुडालं आणि हिला जातं आठवतंय!

नंतर मी इंजिनिअरिंगला गेलो. धरणाच्या धड्यात 'बुडीत क्षेत्र' हेक्टरमध्ये द्यायचं असतं, ते मी बिनचूक काढायला शिकलो. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याची शेती उभी राहिली हे खरं आहे. उमस्टेडचं जंगल झालं नसतं तर ही जमीन आणखी धुपली असती हेही खरं. 'बुडीत' काय आणि 'सबमार्जिनल' काय, दोन्ही शब्द हिशेबाला बरोबर आहेत. फक्त त्यांत जात्याची तळी बसत नाही. कंपनी मिलचा तो दगड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. आजी का बसून राहिली असेल ते मला त्या दिवशी, तिच्या माघारी आणि आठ हजार मैलांवर, थोडंफार कळलं.

पार्क बांधायला सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरचे तरुण आले. बेकार, अविवाहित पोरं, महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी पाठवायचे. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांची आठवण व्हावी असंच. त्यांनी आणि डब्ल्यूपीएच्या मजुरांनी बंधारे घातले, मुलांच्या शिबिरांसाठी लाकडी खोल्या बांधल्या. त्यांचं बांधकाम आजही वापरात आहे. १९३७ साली पार्क लोकांसाठी उघडलं, आणि १९४३ साली केंद्र सरकारने ते राज्याला एका डॉलरला विकलं.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण १९५० साली याच पार्कातले हजाराहून जास्त एकर वेगळे काढून काळ्या लोकांसाठी 'रीडी क्रीक' नावाचं निराळं पार्क केलं गेलं. ओढे तेच, झाडं तीच, मध्ये कायद्याची रेघ. मूळच्या पार्काला पुढे उमस्टेड या माजी गव्हर्नरांचं नाव दिलं गेलं, आणि १९६६ साली दोन्ही पुन्हा एक झाली. आजही पार्काला दोन फाटकं आहेत, एक आमच्या बाजूला हॅरिसन ॲव्हेन्यूवर, दुसरं पलीकडे ग्लेनवूड ॲव्हेन्यूवर. आणि आतून गाडीने एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही. पायी किंवा सायकलने जा, नाहीतर बाहेरून वळसा घाला. हॅरिसन ॲव्हेन्यूची बाजू ती रीडी क्रीकची. आम्ही शनिवारी पोहे-चहाचा थर्मास घेऊन ज्या टेबलांवर बसतो ती बाजू. १९५५ साली आपल्यापैकी कोणी इथे आला असता तर त्याला कुठल्या फाटकातून आत सोडलं असतं, हा विचार तिथे बसून एकदा तरी करून पाहावा.

शेतं सोडल्यावर जंगल कसं परत येतं याचा अभ्यासही याच भागात झाला. शेजारच्या ड्यूक विद्यापीठातल्या हेन्री ऊस्टिंग, कॅथरिन कीव्हर वगैरे वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४०-५० च्या सुमारास सोडलेल्या शेतांच्या नोंदी ठेवल्या. आधी तण, मग दोन-तीन वर्षांत उंच गवत, त्यात पाइनची रोपं, पंचवीस-तीस वर्षांत पाइनचं बन, आणि पाइनच्या सावलीत हळूहळू ओक-हिकरी. शंभर-दीडशे वर्षांनी पाइन मरतात आणि ओकांचं राज्य येतं. आज उमस्टेडमध्ये उंच पाइन आणि त्यांच्याखाली वाढलेले ओक दिसतात, म्हणजे शेत सोडून नव्वदेक वर्षं झाल्याचा तो दाखला आहे. ज्याला घड्याळ वाचता येतं त्याला हे जंगल वाचता यायला हरकत नाही.

हे जंगल कायमचं राहील अशीही खात्री नाही. पार्काच्या कडेलाच खडीची खाण आहे, कारण भेगेच्या पूर्वेचा तोच कठीण खडक. २०१९ मध्ये शेजारच्या, विमानतळाच्या ताब्यातल्या जमिनीवर खाण वाढवण्याचा करार झाला आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद, परवाने, कोर्टकचेऱ्या झाल्या. मजा अशी की आमच्या नव्या वसाहतींचे रस्ते आणि पाये त्याच तऱ्हेच्या खडीचे. विरोधाच्या सहीसाठी माझ्याकडे कागद आला तेव्हा मी सही केली, पण आमच्या ड्राइव्हवेकडे बघत केली.

मॉरिसव्हिललाही इतिहास आहे, हे सांगायला हवं. जेरेमाया मॉरिस या माणसाने १८५२ साली रेल्वे स्टेशनसाठी जागा दिली, म्हणून हे नाव. एप्रिल १८६५ मध्ये यादवी युद्धाच्या अगदी शेवटी इथल्या स्टेशनाजवळ चकमक झाली. नंतर दोनच आठवड्यांत जवळच्या बेनेट कुटुंबाच्या शेतघरात जनरल जॉन्स्टनने शर्मनपुढे शरणागती पत्करली. पण हा पाटीवर लिहिलेला इतिहास. बाकीचा जास्त मोठा इतिहास गाळात, बांधात आणि डॅफोडिलच्या कंदात आहे. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ साली सुरू झालं, तेही अशाच थकलेल्या शेतांच्या, पाइन माजलेल्या जमिनीवर. जमीन पिकत असती तर ती इतक्या सहजासहजी मोकळी मिळाली असती का? आणि ट्रँगल पार्क झालं नसतं तर तुम्ही-आम्ही इथे कशाला आलो असतो? तेव्हा सात इंच माती वाहून गेली त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असं म्हणता येत नाही.

मित्राला मी शेवटी दोन फोटो पाठवले. एक जात्याच्या दगडाचा, एक भेगेजवळच्या धोंड्यांच्या खडकाचा. खाली लिहिलं, "रँच नाही, पण चक्की आहे. वॉशही आहे, फक्त पाणी येऊन बावीस कोटी वर्षं झाली." त्याचं उत्तर आलं, "दळण मिळतं का?"

पुढच्या हिवाळ्यात तो इकडे येतोय. त्याला या वेळी वॉशिंग्टनला नेणार नाही.